आजारी माहूत, गोळे हत्तिणीला

शाहू महाराजांच्या अमदानीत कोल्हापूरच्या हत्तीखान्यात लालासाब माहूत होता. तो नुसता खाकरला तरी त्याची गुलाबकळी हत्तीण खाली बसायची. पण त्या वर्षी दसरा आठ दिवसांवर आला आणि हा बहाद्दर सांगत सुटला, "गुलाबकळी डावीकडं कलतीया!"

जनावरांचे वैद्य आकाराम आण्णा आले. चारी पाय चाचपले, काही सापडेना. तरी माहुताचा शब्द म्हणून त्यांनी गूळ-सुंठीचे नारळाएवढे गोळे चालू केले. हत्तीण खूश! आण्णा दिसले की सोंड उचलून सलाम. लालासाबचं तुणतुणं मात्र तेच, "अजून कलतीया की!"

चौथ्या दिवशी आण्णांनी त्यालाच हत्तिणीसमोर जमिनीवर बसवलं.

"कलतीया?"

"व्हय की!"

"आन् ते चिंचेचं झाड?"

"ते बी कलतंय."

"आन् मी?"

"तुमी तर गरगर फिरायला लागलाय, आण्णा!"

घ्या! नाचता येईना अंगण वाकडं. आण्णा पोट धरून हसले, मग म्हणाले, "डोकं दुखतंय व्हय रं?"

लालासाबनं नुसती हत्तिणीची सोंड घट्ट धरली. भोवळ येणाऱ्या माहुताला हत्तीवर कोण बसू देतंय? गुलाबकळी दुसऱ्याच्या हाती जाणार, या धास्तीनं बिचारा पार वाळला होता. शेवटी शेजारी उभी असलेली त्याची बायको सुगराच कडाडली, "सांगा की! आण्णा, आदी डोळ्यापुढं काजवं चमकत्यात, मग अर्धंच कपाळ ठणकतंय. उजेड सोसंना, वकाऱ्या काढत्यात."

"पितोस?"

"तोबा तोबा!"

"कान वाहतोय? हातपाय लुळं पडत्यात?"

"न्हाय."

"मग अर्धशिशी हाय. गरगरतंय बी तिच्यापायीच. उपाशी ऱ्हाऊ नगंस, झोप काढ. आन् काजवं दिसलं की तवाच खाली उतरायचं."

आणि नेमके दसऱ्याच्या भर मिरवणुकीत काजवे चमकले! उतरलो तर हत्तीण गेली. न्हाय उतरलो तर गर्दीत कोसळायचो. आण्णांचा शब्द आठवला आणि तो उतरला. डोळ्यांवर फेटा ओढून उभा राहिला.

दुसरा माहूत ज्ञानू टुणकन वर चढला. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला, पण गुलाबकळी जागची हलेल तर शपथ! मग तिनं सोंड लालासाबच्या खांद्यावर टाकली आणि त्याला सांभाळत आपणहून चालू लागली. ज्ञानू वर नुसता शोभेला.

हत्तीखान्याचे दरोगा बघतच राहिले. कुणीतरी त्यांना विचारलं, "सरकार, लालासाबला कामावरनं काढायचं न्हवं?"

"त्याला काढून हत्तीण काय तुझा बा वढनार?"

फेट्याआड लालासाब ढसाढसा रडला, हसलाही. गुलाबकळीची सोंड तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून सुटून गर्दीत आकाराम आण्णांचे खिसे चाचपत होती.