नळदुर्गच्या पुढे

सोलापूर सोडलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि मोटारीचा पत्रा तेव्हाच चटके देत होता. लढाईमुळे पेट्रोल मिळत नसे, म्हणून गाडीच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडलेली. बायकांची जागा मागच्या बाकावर, म्हणजे भट्टीला टेकूनच. ही व्यवस्था ज्याने केली, त्याने स्वतःच्या आईला तिथे एकदा बसवायला हवं होतं. मी शाळेत शिकवते. तुळजापूरला बहिणीकडे निघाले होते. सरळ रस्त्याची मोटार बंद, म्हणून नळदुर्गावरून वळसा घ्यावा लागला.

निजामाची हद्द लागल्यावर अणदूरला साठीच्या नीलव्वा शेजारी येऊन बसल्या. घरात कानडी, बाहेर मराठी. तुळजापूरला लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या. त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी माझ्या हातावर ठेवली.

“खा लेकी. उनाचं उपाशी बसू न्हाय.”

नळदुर्गला एक पेशकार (तहसील कचेरीतले वरिष्ठ कारकून) चढले. पुढच्या गादीवरचे दोघे न सांगताच उठून मागे आले. पेशकारांची भरलेली छागल (पाण्याची जाड कापडी पिशवी) ड्रायव्हरने स्वतः बाहेर टांगली.

चार-पाच मैलांवर इंजिन उकळलं. दोन्हीकडे भेगाळलेली काळी रानं, सावलीला एकच बाभूळ.

“इंजनला पाणी लागंल,” ड्रायव्हर म्हणाला. “असंल त्यानं द्या.”

नीलव्वांनी तांब्या दिला, मी माझा दिला, सगळ्यांनी दिलं. पेशकार म्हणाले, “माझं प्यायचं आहे,” आणि त्याच पाण्याने त्यांनी तोंड धुतलं.

दुरुस्ती लांबत गेली. बाभळीखाली नीलव्वांचे ओठ पांढरे पडले, मग त्या हाकेला ओ देईनाशा झाल्या. मी पेशकारांकडे गेले.

“साहेब, मावशींना दोन घोट पाणी द्या.”

“कुणाला तरी मागच्या गावी पाठवा,” ते म्हणाले आणि रुमाल भिजवून त्यांनी डोक्यावर ठेवला.

मी छागल काढून घेतली.

“कुणाच्या वस्तूला हात लावताय, कळतंय का?”

“कळतंय,” मी म्हणाले आणि नीलव्वांचं डोकं मांडीवर घेतलं. चौथ्या घोटाला त्यांनी डोळे उघडले.

गाडी सुरू झाली तेव्हा पेशकारांनी हुकूम सोडला की या दोघी इथेच राहतील. ड्रायव्हर खाली बघत म्हणाला, “बाई, माझं लायसन त्यांच्या हातात हाय.” वीसेक माणसं मुकाट्याने चढली. मोटार गेली.

उन्हं कलल्यावर कडब्याची एक बैलगाडी आली, तिने आम्हाला जवळच्या वस्तीवर नेलं. दुसऱ्या दिवशी तुळजापूरला पोचलो, तोवर नीलव्वांना नात झाली होती. वेणा देताना लेक आईच्या नावाने रडत होती, असं शेजारणीने सांगितलं. नीलव्वा मला एवढंच म्हणाल्या, “पाणी पाजलंस, लई झालं.”

आठ दिवसांनी सरळ रस्त्याची मोटार पुन्हा सुरू झाली, तिने परतले. पेशकारांवरचा राग उतरलेला नाही. त्या वीस माणसांवरचा तर त्याहून जास्त आहे. इंजिनासाठी त्यांनी तांबे रिते केले आणि माणसासाठी तोंड उघडलं नाही. शाळेत मुली प्रवासाबद्दल विचारतात, तेव्हा मी छागल कशी काढून घेतली ते सांगते. नीलव्वांची जीभ कोरडी पडताना दिसत असूनही मी तासभर गप्प बसले होते, हे मात्र अजून सांगितलेलं नाही.