आभाराच्या फलकामागचं दुकान

आमच्या वस्तीतल्या, कॅम्प चारमधल्या सिंधी दुकानदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे ‘साईं’ म्हणतात, मीही म्हणतो. यंदा दिवाळीच्या तोंडावर साबणावरचा कर कमी झाला आणि एका स्थानिक नेत्याने सरकारचे जाहीर आभार मानणारा भलामोठा कापडी फलक नेमका साईंच्या दुकानाच्या दारावर सोडला. नेत्याचा चेहरा दारापेक्षा रुंद. दुकान बंद समजून गिऱ्हाईकं पुढे जाऊ लागली.

बाहेर पावलं वाजली की साईं नेत्याचा कान दोन बोटांत धरून, अंतरपाट सारावा तसा फलक सारत आणि म्हणत, “आओ ना, चालू आहे!”

“काढून टाका की, साईं,” मी म्हणालो.

“काढला आणि उद्या टॅक्स वाढला, तर बोलतील ह्याच्यामुळेच वाढला.”

मी साबण घेतला. साईंनी छापील किंमत खोडून नवी लिहिली आणि उरलेले पैसे माझ्या हातावर ठेवले.

“सरकारकडे जास्त जमलं, थोडं परत दिलं, तर एवढा मोठा फोटो! मी तर रोज सुट्टे परत देतो.”

मी फलकावरच्यासारखे हात जोडले. “जाहीर आभार, साईं.”

ते चक्क लाजले आणि उगाच तराजू पुसू लागले.

तेवढ्यात बाहेर एक बाई म्हणाली, “बंद दिसतंय गं, चल.”

मी घाईने नेत्याचा कान धरला आणि ओरडलो, “आओ ना, चालू आहे!”