चित्रातला नंबर

आमच्या स्फाक्सची माणसं कामाला वाघ, असं सारा ट्युनिशिया म्हणतो. माझा मावसभाऊ महरेझही वाघच. फक्त आपलं काम कोणतं, हेच गेल्या वर्षी त्याला कळेनासं झालं होतं.

करायचं होतं एक ॲप. ऑलिव्हचा हंगाम आला की तेलाच्या घाण्यांपुढे पोत्यांच्या रांगा लागतात. घरबसल्या नंबर लावता आला तर बरं, ही त्याची कल्पना. पण कुठल्याशा शहाण्यानं त्याला सांगितलं, काय बनवतोयस ते रोज जगाला दाखव, म्हणजे माल तयार व्हायच्या आत गिऱ्हाईक तयार. झालं! 'दिवस पहिला', 'दिवस दुसरा' सुरू झालं. बटण हिरवं असावं की पिवळं, यावर चारशे जणांनी मत दिलं. माझं लग्न ठरताना घरात इतकी मतं पडली नव्हती. बघता बघता नऊ हजार लोक त्याच्यामागे लागले आणि ॲप मात्र बटणापाशीच थांबलं.

"अरे, पण चालतं का ते?" मी विचारायचो.

"लोकांना आवडतंय ना!" तो म्हणायचा.

त्रेसष्टाव्या दिवशी दाखवायला काहीच नव्हतं. मग त्यानं एक चित्र केलं: मोबाइलचा पडदा, वर हाजी तिजानींच्या घाण्याचं नाव, खाली 'आपला नंबर: गुरुवार, सकाळी नऊ'. सोबत लिहिलं, 'आमचा पहिला घाणा!' हाजींनी त्याला नुसतं "बघू" म्हटलं होतं.

चित्राखाली आमच्या गल्लीतल्या सल्लूहा मावशींच्या सुनेनं लिहिलं, 'आम्हीही येऊ का?' महरेझनं सगळ्यांना देतो तेच उत्तर दिलं, 'नक्की! वाट बघतोय.'

मावशींची बारा झाडं. घराचं वर्षाचं तेल त्यातूनच. बुधवारी दोघींनी फळं उतरवली, गुरुवारी नऊला पोती घेऊन हजर. हाजी म्हणाले, "कसला नंबर? मागं उभ्या राहा." पाळी आली रविवारी. तोवर पोत्यांत फळं तापली होती. तेल निघालं ते आंबूस, कुबट. भाकरीला लावण्यासारखं नाही.

हाजींनी महरेझला बोलावून सगळं सांगितलं, तेही आवाज न चढवता. त्यामुळे तो शरमेनं आणखीच मेला. घरच्या तेलाचा डबा उचलून मावशींकडे निघाला, सोबतीला मला घेतलं.

"मावशी, ते खरं नव्हतं. चित्र होतं नुसतं."

"चित्र? मग आधी सांगायचंस, मीही ऑलिव्ह काढून पाठवली असती. कागदावर!"

"हा डबा ठेवा."

"ने परत. तुझ्या आईनं काय गुन्हा केलाय? माझ्या तेलाचा मी साबण करीन. एक वडी तुलाही पाठवते, बोटं धू. फार लिहितात."

मला हसू आलं, पण महरेझचे लाल झालेले कान पाहून ते गिळलं. सून दारामागून पुढे आलीच नाही. तिनं या पोराचं ऐकलं म्हणून चार दिवस तिला काय काय ऐकावं लागलं असेल!

घरी येऊन त्यानं सारं खरं लिहिलं. ॲप चालत नाही, चित्र खोटं होतं, एका घरचं वर्षाचं तेल माझ्यामुळे गेलं. त्याला वाटलं होतं, लोक शिव्या घालतील. शिव्या हव्याच होत्या त्याला. तर लोक म्हणाले, 'काय हा प्रामाणिकपणा!' त्याच्या कुठल्याच बटणाला पडली नव्हती इतकी लाल बदामं पडली. वर बाराशे लोक नवे.

"त्या बाईचं तेल नासवलं आणि मला टाळ्या," तो म्हणाला. "ठेवलं तर मिरवल्यासारखं, काढलं तर लपवल्यासारखं. करू काय?"

शेवटी त्यानं ते तसंच ठेवलं आणि त्यानंतर एक अक्षर लिहिलं नाही.

यंदा हाजींच्या घाण्यावर ॲप चालतंय, आणि चांगलं चालतंय. त्या दहा हजारांतल्या कुणालाही ते ठाऊक नाही. मावशी मात्र नंबर लावत नाहीत. पहाटेच येतात आणि पुढच्या दाराशी आपल्या पोत्यावर बसून राहतात. महरेझ घाण्यात जातो तो मागच्या दारानं.