कायद्याच्या कपाटातला ग्रंथ

जानेवारीतला दुसरा रविवार, लोणावळ्यातल्या आमच्या वाचनालयाची वार्षिक पुस्तकमोजणी. हजर: ग्रंथपालबाई, शिपाई, मदतीला आलेली जुनी सभासद मी आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसलेला एक अनोळखी वाचक.

दुपारपर्यंत माझ्या यादीत एकच पुस्तक गहाळ होतं, औषधी वनस्पतींचा जुना, जाडजूड ग्रंथ. मी नाव मोठ्याने वाचलं, तसा तो वाचक उठला. वॉचमनचा गणवेश, वय पन्नाशीचं. त्याने कायद्याच्या कपाटात मागच्या रांगेत हात घालून ग्रंथ काढला, बाहीने पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला.

"गहाळ न्हाई मॅडम, मीच ठिवतो तितं. दुसऱ्यानं नेला तर माझं वाचायचं ऱ्हाईल. कायद्याला कोण हात लावतंय?"

ग्रंथपालबाई हसल्या. "अहो भाऊ, सभासद व्हा की! घरी न्या."

"अर्जावर जुन्या सभासदाची सही लागती. मी कुसगावात हाटेलावर असतो, हितं माझ्या वळखीचं कोण?"

"मी करते सही," मी म्हणाले. पण अर्जाच्या कपाटाची किल्ली रजेवरच्या लिपिकाकडे होती. त्याला पुढच्या रविवारी यायला सांगितलं आणि ग्रंथ नियमाप्रमाणे त्याच्या जागी लावला.

बुधवारी तो ग्रंथ दुसऱ्याच सभासदाने नेला. रविवारी मला पोचायला तासभर उशीर झाला. शिपाई म्हणाला, ते वॉचमन आले, कायद्याचं कपाट उघडून बघितलं आणि गेले. नंतर तो आलाच नाही.

ग्रंथ आता परत आला आहे. माझी सही केलेला अर्ज पर्समध्ये आहे, त्यावर नावाची ओळ कोरी आहे. कुसगावला जाऊन त्याला शोधायचं राहिलं आहे.