सहाव्या खोलीचं डिपॉझिट

"नाय वो साहेब, मी काय नाय दिलं," सहाव्या खोलीतली जानकीबाई म्हणाली. मी कागदावर लिहिलं, डिपॉझिट नाही.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मी पनवेलला वकिली करत होतो. माझे अशील भाताचे व्यापारी. ते बंदराकडची सहा खोल्यांची चाळ विकत घेत होते. चाळ विकली की भाडेकरूंनी जुन्या मालकाकडे ठेवलेलं डिपॉझिट नव्याच्या गळ्यात पडतं. खोली सोडताना भाडेकरू ते मागणार कुणाकडे? म्हणून ती रक्कम किमतीतून आधीच कापायची आणि प्रत्येक भाडेकरूचा लेखी जबाब घ्यायचा. पाच जणांचं जुळलं. जुन्या मालकाच्या यादीत सहाव्या खोलीपुढे काहीच नव्हतं, बाईही तेच म्हणाली. मी खूश! तिचा अंगठा घेतला. दोन्ही मालक दारातच उभे होते.

तीन वर्षांनी ती माझ्या ऑफिसात आली.

"साहेब, मना चिरनेरला बहिनीकडं जायचं हाय. तिच्या पडवीला कुडाची भिंत घालून तितंच ऱ्हानार. माझे दीडशे तेवढे काढून द्या."

"कसले दीडशे?"

"डिपाझिटचे. आमच्या ह्यांनी माझ्या पाटल्या इकून भरलेले."

"अहो, मग तेव्हा नाही का म्हणालात?"

"मना वाटलं, पैसं हातावर ठेवून खोली खाली करायला लावतील. दोघं दारात उभे. ह्ये गेल्यावर इचारायला तरी कोन व्हतं मना?"

मी कपाळावर हात मारला. बायको गेल्यापासून मीही एकटाच होतो, खानावळीत जेवत होतो. विचारायला कोणी नसणं म्हणजे काय, हे निदान मला तरी कळायला हवं होतं. फार लाज वाटली.

यादीतून ते दीडशे गाळणारा जुना मालक तोवर वारला होता. अशिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे कपाटातून कागद काढला. "वकीलसाहेब, अक्षर तुमचंच ना?"

माझंच होतं. कायद्याने दमडीही निघत नव्हती.

मग माझ्याच खिशातले दीडशे मी जानकीबाईपुढे धरले. तिने हात मागे घेतला.

"तुमचे कशाला? माझे असतील तर द्या."

ती चिरनेरला गेली नाही. त्याच खोलीत राहिली, भाडं वेळेवर भरत. बाजारात दिसली की मीच दुसऱ्या गल्लीत वळायचो. दोन वर्षांनी ती तिथेच वारली. सामान न्यायला बहीण आली होती. मी चाचरत दीडशेची गोष्ट काढली.

"पैशानं कुटं अडलं व्हतं वो?" ती म्हणाली. "कूड आमीच घातलेला. लय बोलावलं. म्हनायची, रिकाम्या हातानं कशी येऊ?"

भाडेकरूचा जबाब मी तेव्हापासून त्याच्या खोलीत, दार लावून घेतो. डिपॉझिट सांगितल्याने खोली जात नाही, हे आधी सांगतो. आकडा नंतर विचारतो.