येवल्यात विचारलेला अमेरिकेचा प्रश्न

१९३६ साली एकदा नाशिक रोडहून सकाळच्या गाडीत बसलो तेव्हा पिशवीत अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावरची टिपणं होती. नाशिकच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो, आणि येवल्याच्या वाचनालयात दुपारी माझं व्याख्यान होतं. मनमाडला गाडी बदलताना पिशवी आधीच्या गाडीतच राहिली!

येवल्यात पोचलो तर वाचनालयाला अजून कुलूप. शेजारच्या घरात माग चालू होता. पैठणी विणणाऱ्या करीमभाईंनी मला आत बोलावलं. बाजरीची भाकरी, कांदा आणि खर्डा (भाजून ठेचलेली मिरची) पुढे ठेवला. टिपणं गेल्याचं ऐकून मागावर बसता बसता म्हणाले, "पाठ असंल तेवढं मला सांगून बघा."

मी सांगू लागलो. युरोपच्या भांडणात पडायचं नाही आणि युरोपला आपल्या खंडात शिरू द्यायचं नाही, हे अमेरिकेचं जुनं धोरण. पुढे तिनेच स्पेनकडून फिलिपाइन्स घेतलं. महायुद्धात उशिरा उतरली, प्रत्येक राष्ट्राला आपलं भवितव्य ठरवू द्या म्हणाली, आणि राष्ट्रसंघात मात्र गेलीच नाही. आता तटस्थतेचे कायदे करते आहे.

मागावर इकडून तिकडे धावणारा करीमभाईंचा धोटा थांबला. "त्या लढाईत आमचा भाऊ हुसेन इंग्रजांच्या फौजेतनं तिकडं इराकात बसऱ्याला गेला, मास्तर. माघारी आला नाय. ते भवितव्याचं बोलणं आपल्यासाठी बी होतं का?"

मी उत्तर टाळलं. माझी शाळा इंग्रज सरकारची, टिपणांतही हा भाग मी मुद्दाम गाळला होता.

दुपारी वाचनालय उघडलं. व्याख्यानाला मागच्या बाकावर एक हवालदार सरकारसाठी लिहीत बसला होता. शेवटी करीमभाई उठले आणि तोच प्रश्न त्यांनी सगळ्यांसमोर विचारला. मी एकदा हवालदाराकडे पाहिलं.

"नव्हतं," मी म्हणालो. "ते हरलेल्या साम्राज्यांतल्या लोकांसाठी होतं. आपण उगाच आस लावून बसलो."

हवालदाराने मान खाली घातली आणि लिहिलं. करीमभाई मला स्टेशनपर्यंत पोचवायला आले. "अम्मी अजून म्हणते, हुसेनच्या बदल्यात मुलखाला कायतरी मिळणार. आज तिला काय ते खरं सांगतो," ते म्हणाले, आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला.

हवालदाराच्या अहवालावरून आठवड्याभरात हेडमास्तरांनी खुलासा मागितला. बोललो ते नाकारलं नाही, म्हणून वरच्या वर्गांचा इतिहास माझ्याकडून गेला. घरी सांगितलं तेव्हा पत्नी म्हणाली, "मग भूगोल शिकवा."

अकरा वर्षं मी हा विषय शिकवला, पण त्यात आपण कुठे आहोत हे मला विचारलं ते एका विणकराने. त्यांचे उपकार मी मानतो. भूगोल शिकवतो आहे, आणि येवल्याला गेल्याचं एकदाही वाईट वाटलेलं नाही.