खुशीचे पैसे आणि आमचा कूलर

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात माझ्या सासऱ्यांनी मला भर हॉटेलात पकडलं. चिखलीत बसस्टँडच्या बाजूला आम्ही चौघं जेवायला गेलो होतो: सासू, सासरे, नवरा आणि मी. बिल बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दिलं. उठता उठता मी बडीशेपच्या बशीत दहाची एक नोट ठेवली. अकोल्याला माहेरी आम्ही ठेवायचोच, त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच मला माहीत नव्हतं.

"बाई, तुहे पैसे राह्यले इथं," बाबा म्हणाले.

"राहू द्या बाबा, त्यांच्यासाठी ठेवलेत."

"काऊन? बिलात काई कमी पडलं का?"

वेटरचा हात बशीकडे अर्धा आला होता, तो तिथंच थांबला. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताचा पंखा पाहत होता, जणू पुढच्या आठवड्यात तो विकतच घ्यायचाय. बाबांनी नोट उचलून माझ्या हातात दिली. वेटर बिचारा म्हणाला, "ताई, बडीशेप तरी घ्या."

बाबा एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं त्यांनी प्रवाशांचा सुटा रुपयासुद्धा उतरायच्या आत परत केला होता, आणि ते सांगायची संधी त्यांनी कधी सोडली नाही. पण त्या दिवशी घरी येताना त्यांनी वेगळंच सांगितलं. त्यांचे वडील गावात दिवसभर राबायचे आणि संध्याकाळी लोकांच्या ओट्याखाली उभे राहायचे. वरून कोणी धोतराच्या सोग्यात ज्वारी टाकायचं. कधी शेरभर, कधी मूठभर.

"ते मजुरी नव्हती बाई, मर्जी होती. मजुरी ठरवावं अन् हातात द्यावं. वरचं देणारा माणूस आपोआप वरच्या पायरीवर जाऊन उभा राह्यते."

आमच्या बैठकीत बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे. त्याच्याखाली बसून बाबांनी हे पुन्हा एकदा, पंख्याच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं, म्हणजे तो घरचा कायदाच झाला. मला त्यांचं म्हणणं पटलंही. अडचण एवढीच होती, की वेटरचा तो अर्ध्यात थांबलेला हात मला दिसत राहिला.

मग मी चोरून द्यायला लागले.

माझी पद्धत साधी होती. काम करायला आलेल्या माणसाला चहा द्यायचा आणि बशीखाली घडी घातलेली नोट. डोळ्यानं बशीकडे खूण करायची, मग बाबांच्या खुर्चीकडे खूण करायची. गॅसच्या सिलिंडरवाल्याला एकदाच खूण करावी लागली, तो हुशार होता. नळाचं काम करणारे मात्र पहिल्या वेळी बशी उचलून मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, तुमचे पैसे चिकटले इथं!" मी "अगं बाई, हो का" म्हणून ती नोट परत घेतली आणि नंतर गल्लीच्या टोकापर्यंत त्यांच्या मागं पळाले. शाळेत मी सातवीच्या मुलांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला देत होते, त्याच काळातली ही गोष्ट.

माझ्या या गुप्त कारभाराचा सगळ्यात मोठा मानकरी म्हणजे आमचा कूलरवाला. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर बंद म्हणजे घर बंद. मार्च संपता संपता कूलरच्या बाजूंच्या ताट्यांमधलं गवत बदलावं लागतं, पंपावर बसलेला क्षार खरवडावा लागतो, पंख्याला तेल द्यावं लागतं. हे सगळं नीट करणारा आमच्या भागात हा एकच. जवळच्या खेड्यातून मोटरसायकलवर यायचा, मागं गवताचं गाठोडं बांधलेलं. एप्रिलमध्ये त्याला फोन लागणं म्हणजे लॉटरी लागणं. पण मी फोन केला की तो दुसऱ्या दिवशी दारात. सलग तीन वर्षं. शाळेत बाकीच्या बाया उकाड्यानं कावलेल्या असायच्या आणि मी त्यांना ऐकवायची, "माणसं जपावी लागतात हो." माणसं म्हणजे बशीखालची नोट, हे मनातल्या मनात.

चौथ्या वर्षी एप्रिलमधला रविवार होता. सकाळचे नऊ वाजले असतील, ऊन तेव्हापासूनच भिंतीला चटका देत होतं. कूलरवाला ओट्यावर आमचा कूलर उघडून बसला होता. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. आई, म्हणजे सासूबाई, दारात मेथी निवडत होत्या. एवढ्यात समोरचे काका रस्ता ओलांडून आले. त्यांची बाजार समितीत धान्याची आडत. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, आणि आठ दिवस झोप नसल्यासारखे डोळे.

"काय बे," ते कूलरवाल्यावर घसरले, "आठ दिवस झाले फोन करून राह्यलो. माह्याकडे यायला वेळ नाई, अन् इथं हजर?"

"यांचं झालं का तुमचंच काका."

"मागच्या सालीबी हेच म्हणे तू. यांचं पहिले काऊन?"

कूलरवाला काही बोलायच्या आत बाबांनी पेपरची घडी घातली. एवढी चांगली संधी ते सोडणार नव्हते.

"मी सांगतो. आमच्या घरी मजुरीत घासाघीस नाई, अन् वरून एक पैसाबी नाई. माणसाले मान देल्ला का माणूस येते."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले. बशीखाली नोट होती.

"मान मीबी देतो!" काका म्हणाले. "मानानं कोणी येत नाई. खरं सांग बे, हे लोक तुले वरून काय देते?"

कूलरवाल्यानं हातातला पंप खाली ठेवला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, हीच त्याची अडचण. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं, आणि पंपाकडे पाहत म्हणाला, "देतात ना काका. खुशी देतात."

"कोण देते?" बाबा उभे राहिले. "माह्या घरात कोण देते?"

"बाबा, मी कोनाचं नाव नाई घेत."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी देते," मी म्हणाले. "बशीखाली ठेवून."

आणि त्याच क्षणी मेथीच्या ढिगामागून आवाज आला, "मीबी देल्ले. पण ते खुशी नोय. त्याच्या लेकीच्या खाऊचे."

मी आईंकडे पाहतच राहिले. चार वर्षं आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात वावरत होतो आणि मला पत्ता नव्हता. तो मागच्या दारी हात धुवायला गेला की त्या साबणाबरोबर नोट द्यायच्या, हे मला त्या दिवशी कळलं.

"दोघी!" बाबांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "माह्या माघारी! मी इथं लोकाईले सांगून राह्यलो, अन् तुम्ही दोघी..."

कूलरवाल्याला आमची दया आली. त्याला खरोखरच आम्हाला वाचवायचं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. तो हात जोडून म्हणाला, "बाबा, त्यायच्यावर नका रागावू. तुमचं तर सगळ्यात जास्त असते."

काकांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग आमच्या दोघींकडे.

मग टॉवेल मांडीवर आपटून ते हसायला लागले. आईंनी मेथीची जुडी तोंडावर धरली.

"ते भाडं असते!" बाबा ओरडले. "येण्याजाण्याचं भाडं! खुशी नोय ते!"

"पण बाबा, मी तर गाडीवर येतो," कूलरवाला म्हणाला.

"मंग? गाडी काय पाण्यावर चालते?"

एवढं बोलून बाबा आत गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आले नाहीत. मी बशीखालची नोट काढून घ्यावी की ठेवावी, याचा विचार करत तशीच उभी. शेवटी ठेवली. आता लपवायचं कोणापासून?

मग सगळे जेवायला बसलो. नवऱ्याच्या ताटात भाकरी होती आणि चेहऱ्यावर हॉटेलातला पंखा पाहतानाचा भाव. बाबांनी वरण ओतून घेतलं आणि मान वर न करता म्हणाले, "मी ओट्यावरून नाई देत. त्याच्यासोबत फाटकाबाहेर जातो. रस्त्यावर. तिथं तो अन् मी सारखेच उभे असतो."

मला एकदम हसूही आलं आणि लाजही वाटली. एवढा विचार करून देणारा माणूस घरात होता आणि मी बशीखाली लपवत बसले होते. आई म्हणाल्या, "मंग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही दोघी देत राह्यल्या असत्या मंग," बाबा म्हणाले.

दुपारी काकांचा कूलर उरकून तो आपलं सामान न्यायला आला, तेव्हा बाबांनी त्याला आत बोलावलं. खुर्ची दिली. "खरं सांग. तिघांजवळून घेताना तुले कसं वाटलं?"

त्यानं डोकं खाजवलं. "पहिल्या साली ताईनं देल्ले, घेतले. मंग मागच्या दारी आजीनं देल्ले. म्हटलं सांगावं, का ताईनं देल्ले म्हणून. पण आजी म्हणे कोनाले सांगू नको. मंग फाटकाबाहेर तुम्ही. तुम्हीबी म्हणे सांगू नको. नाई म्हटलं असतं तर तिघाईलेबी वाईट वाटलं असतं. त्यापेक्षा मीच एकट्यानं वाईट वाटून घेतलं."

आई पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

"अन् म्हणून तू पहिले आमच्याकडे येतो," बाबा पडलेल्या आवाजात म्हणाले.

"नाई नाई," तो म्हणाला. "तुमच्या कूलरचं काम अर्ध्या तासात होते म्हणून येतो. आजी दिवाळीच्या आधी टाकी कोरडी करते, जुनं लुगडं झाकून ठेवते. काकाचा कूलर पाहा ना. सालभर पाणी तसंच, पत्रा सडला, आज पंपातून बेडूक निघाला. त्यायच्याकडे अर्धा दिवस जाते. असे कूलर मी मागं ठेवतो."

म्हणजे माझी बशी, आईंचा साबण आणि बाबांचं भाडं यांचा त्यात काही संबंधच नव्हता. शाळेतल्या बायांना ऐकवलेलं एक एक वाक्य मला आठवायला लागलं. आमचे तिघांचे चेहरे पाहून त्याला पुन्हा दया आली असावी. "पैशाचाबी थोडासा संबंध असनच," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी घरात ठराव झाला. मजुरी ठरेल ती द्यायची. त्यावर काही द्यायचं असेल तर काम झाल्यावर, तिघांचं मिळून एकदाच, आणि सगळ्यांसमोर. बाबांची एक अट होती, की देणारा पायरीवर उभा नको. माझी एक अट होती, की हॉटेलात माझी नोट कोणी उचलायची नाही. बाबा म्हणाले, "दहाची उचलणार नाई. वीसची असन तर विचार करीन." आईंनी काहीच अट घातली नाही, त्यावरून त्या ठराव पाळणार नाहीत हे मला तेव्हाच समजलं.

समोरचे काका मात्र आमची अर्धीच गोष्ट ऐकून गेले होते. टाकी कोरडी करायचा भाग त्यांच्या कानावर आला नाही, खुशीचा तेवढा आला. आडत्याच्या धंद्यात शेतकऱ्याला उचल आधी दिली की माल आपल्याकडे येतो, हे त्यांना पाठ. पुढच्या फेब्रुवारीत कूलरवाला बाजारात दिसला, तर त्यांनी तिथंच त्याच्या खिशात बऱ्यापैकी नोटा कोंबल्या आणि घरी येऊन आम्हाला ऐकवलं, "या साली पहिला नंबर माहा."

मार्च गेला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कूलरवाला आमच्याकडे आला, अर्ध्या तासात काम करून गेला. काका फोन करत राहिले. एप्रिल गेला. मे महिन्यात चिखली तव्यासारखी तापली, तेव्हा तो त्यांच्या दारात उभा राहिला. काका इतके चिडले होते, की आम्ही सगळे ओट्यावर येऊन ऐकत होतो.

"अबे, पैसे कवाच घेतले ना तू?"

"हाव काका," तो गवताचं गाठोडं सोडत शांतपणे म्हणाला. "तुम्ही तर फेब्रुवारीतच खूश होऊन बसले. मी म्हटलं, जे नाराज आहेत त्यायच्याकडे आधी जाऊन येऊ."

बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. तरी तो मधला महिनाभर काका रोज दुपारी जेवण करून आमच्याच बैठकीत, आमच्याच कूलरसमोर टॉवेल पसरून झोपायचे, आणि आई त्यांना उठल्यावर कैरीचं पन्हं द्यायच्या. एकदा जाताना त्यांनी रिकाम्या पेल्याखाली एक नोट सरकवायचा प्रयत्न केला. बाबा जागेच होते.